वरातीतून सुटलेली गाडी

बाबांच्या बुकिंगच्या वहीत शेवटची नोंद मे २०१४ची आहे. जाड, गोल अक्षर. 'येरखेडा. वर पार्टी. बँड, रोषणाई, गाडी. घोडी नाही.' त्या लग्नानंतर बाबांचा डावा गुडघा कायमचा धरला आणि गाडी परसातल्या कडुलिंबाखाली ताडपत्री पांघरून बसली. बाबा गेले, तेराव्याचा मांडव तिच्या बाजूलाच पडला, तेव्हाही ती तशीच. पावसाळ्यात ताडपत्रीच्या खोलगट भागात पाणी साचायचं आणि चिमण्या त्यात अंघोळ करायच्या. घरात कोणी तिचं नाव काढत नव्हतं. आई मात्र तुळशीला पाणी घालून आली की ताडपत्रीचं एखादं सुटलेलं टोक विटेखाली दाबून ठेवायची.

वरातीची गाडी म्हणजे काय, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. जुन्या राजेरजवाड्यांच्या मोटारीसारखी दिसणारी, उघडी, लांबलचक, मागे मरून रेक्झिनचं सिंहासन, त्यावर झालरीची छत्री. पुढे पितळी दिसणारं, पण पत्र्याला रंग मारून केलेलं रेडिएटरचं तोंड. आमच्या गाडीच्या दोन्ही अंगांना प्लास्टरचे दोन सिंह होते आणि दारावर सोनेरी अक्षरात 'महाराजा' लिहिलं होतं. रात्री दिवे लागले, बँड वाजू लागला, की ती खरंच महाराजा दिसायची. सकाळी, रंग उडालेल्या मडगार्डमधून फायबरचे केस बाहेर आलेले असताना तिच्याकडे बघवत नसे. लहानपणी मला त्या दोन गाड्या वेगळ्या वाटायच्या.

अशा गाड्या कुठल्या कारखान्यात तयार होत नाहीत. कोणीतरी मिस्त्री लोखंडी चॅनलची चौकट वेल्ड करतो, त्यात भंगारातल्या मोटारीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल बसवतो. मग साच्यावर मेण चोळून, काचतंतूंची चटई अंथरून, वर रेझिन थापून अंग तयार करतो. स्वस्तातलं काम असेल तर रेझिन कुठे जाड, कुठे पातळ, आणि सगळी कसर वरच्या पुट्टीत भरलेली. आमची गाडी स्वस्तातली होती. बाबांनी बँडच्या एका हंगामाची कमाई देऊन ती घेतली होती.

आमचं कामठी छावणीचं गाव आहे. १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हानच्या काठावर पलटण आणून बसवली आणि तिच्या भोवतीनं गाव वाढलं. गोरा बाजार हे नाव अजून तसंच आहे. आजही गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र इथं आहे आणि पहाटे कवायतीचे आवाज वाऱ्यावर येतात. आपल्याकडच्या वरातींचा ब्रास बँड हा मुळात लष्करी बँडचाच वंशज. तीच पितळी वाद्यं, तेच लाल कोट, खांद्यावर तीच सोनेरी झालर. बाबांना या नात्याचा अभिमान होता. गाडी चालवतानाही ते तो लाल कोट घालत, वरची गुंडी लावून, मे महिन्यात, पारा शेहेचाळीसवर असताना.

आणि चालवत कसे? पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, नाचणाऱ्या पोरांच्या मागे पावलापावलानं. लॉन अर्धा किलोमीटरवर असलं तरी वरातीला दोन तास लागत. इंजिन तापायचं, रेडिएटर उकळायचा, बाबांचा डावा पाय मात्र क्लचवरून हलत नसे. गुडघा गेला तो तिथंच गेला. इतक्या वर्षांत त्या गाडीनं दुसरा गिअर पाहिला असेल तो फक्त घरी परतताना.

तसं एक परतणं मला आठवतं. मी बारावीत होते. रनाळ्याचं लग्न आटोपून रात्री दोन वाजता निघालो. रस्ता मोकळा होता. मी बाबांच्या शेजारी बसले होते. काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी दुसरा टाकला, तिसरा टाकला. वारा लागला. छत्रीची झालर फडफडू लागली. मी मोठ्यानं हसले असेन, कारण बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आणि मग गाडी थरथरू लागली. आधी स्टिअरिंग, मग मडगार्ड, मग सिंह खडखडू लागले. पुढची चाकं आपापल्या मनानं डावी-उजवी शोधू लागली. बाबांनी वेग उतरवला, गाडी पहिल्यावर आणली आणि म्हणाले, "बेटा, हे गाडी दिसाले केली हाये, चालाले नाही."

ते वाक्य मी विसरले नाही. त्यातलं दुःख मला फार उशिरा कळलं. बाबांना गाडी चालवणं मनापासून आवडायचं, आणि आयुष्यभर त्यांनी जी गाडी हाकली ती चालण्यासाठी केलेलीच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी दादानं गाडी भंगारात द्यायचं ठरवलं. त्याचं चूक नव्हतं. परसात खोली काढायची होती. भंगारवाल्यानं किलोवर भाव सांगितला, म्हणून आम्ही ती टेम्पोवर चढवून धर्मकाट्यावर नेली. टेम्पोचं वजन वजा जाता आकडा आला ११८० किलो. ती पावती हातात घेऊन मी तिथंच उभी राहिले. चार दारं, छप्पर, डिकी, पाच माणसांची बैठक असलेली पूर्ण फियाट नऊशे किलोच्या आसपास भरते. आमच्या गाडीत इंजिन त्याच फियाटचं, गिअरबॉक्स तोच, ॲक्सल तोच. छप्पर नाही, काच नाही. मग हे पावणेतीनशे किलो कशाचे?

"दादा, मला दे ही," मी म्हणाले. "भंगाराचे पैसे मी देते."

दादानं पैसे घेतले नाहीत. सहा महिन्यांत परस मोकळं करून दे, एवढंच म्हणाला.

उस्तादांकडे जाणं ओघानंच आलं. कामठी रोडवर एका गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज आहे. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावात निघालेल्या जीपा दुरुस्त करत धंदा उभा केला, आणि उस्ताद त्या जीपांच्या खालीच वाढले. बाबांच्या गाडीचा क्लच दर हंगामाला तेच बदलत. ताडपत्री काढली, त्यांनी सगळीकडून एक फेरी मारली, खाली वाकले, बॅटरीच्या उजेडात बराच वेळ पाहत राहिले. उठताना म्हणाले, "ताई, हिच्यात फियाट गुदमरून राह्यली आहे. बाहेर काढू का तिला?"

फियाट हा शब्द उस्ताद ज्या मायेनं उच्चारतात तो आता ऐकायला मिळत नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि मुंबईत कुर्ल्याला ही गाडी बनू लागली. १९६४ पासूनचं अकराशेचं मॉडेल, १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी उस्तादांनी दुपारी गॅरेज बंद ठेवलं होतं. चाळीस घोडे आज कोणाला फार वाटणार नाहीत. पण ते घोडे किती ओझं ओढतात, सगळं त्यावर आहे.

हे मला माझ्या भाच्यानं नीट समजावलं. तो नागपुरात मेकॅनिकल शिकतो. पीथमपूरला दरवर्षी होणाऱ्या बाहा स्पर्धेसाठी कॉलेजच्या पोरांनी मिळून नळ्यांची गाडी बांधली होती, तिच्यात तो होता. पहिल्याच रविवारी तो वही घेऊन आला. "मावशी, गाडीला वेग घेताना, थांबताना आणि वळताना, तिन्ही वेळा वजनाशीच भांडावं लागतं. इंजिन वाढवलं तर यातलं एकच सुधारतं. वजन उतरवलं तर तिन्ही." मग त्यानं मला कॉलिन चॅपमनची गोष्ट सांगितली. या इंग्रज अभियंत्यानं १९५७ मध्ये लोटस सेव्हन नावाची गाडी काढली. नळ्यांची चौकट, त्यावर पातळ पत्रा, दोन माणसांपुरती जागा, आणि बस्स. ती सुट्या भागांच्या पेटीतही मिळायची, कारण घरी जोडलेल्या गाडीवर तिथं तेव्हा खरेदी कर लागत नसे. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या माणसानं अडीचशे पौंडांत तशी गाडी घरी कशी बांधावी याचं पुस्तकच लिहिलं. इंचभर चौकोनी लोखंडी नळी आणि भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल. "आपल्याकडे एस्कॉर्टच्या जागी फियाट आहे," भाचा म्हणाला. "जुळतंय, मावशी. इंजिन पुढे, ढकलणारी चाकं मागे."

अलिबागजवळ कार्ले खिंडीत चिंकारा मोटर्सनं याच घाटाची रोडस्टर बनवली होती, ॲम्बॅसेडरमध्ये येणारं इसुझूचं १८०० सीसी इंजिन घालून. फायबरच अंगाला, पण काय नेटकं! म्हणजे दोष फायबरचा नव्हता. दोष होता तो कशासाठी वापरला त्याचा.

आणि खरं तर इतक्या लांब, इंग्लंडपर्यंत जायची गरजही नव्हती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी शाळा लवकर सोडली, पण १९४९ मध्ये स्वतःच्या डोक्यानं दोन माणसांची छोटी मोटार बांधली. नंतरची पंचवीस वर्षं ते ती सुधारत राहिले. 'मीरा' तिचं नाव. बारा हजारांत सामान्य घराला मोटार मिळावी हा त्यांचा ध्यास होता. ती कारखान्यापर्यंत कधी पोचली नाही, हे मला आपल्या महाराष्ट्राचं मोठं नुकसान वाटतं. अगदी अलीकडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून पोरासाठी जीप केली, किक मारून सुरू होणारी. साठ हजारांच्या आसपास खर्च. २०२२ मध्ये महिंद्रांनी त्यांना बदल्यात नवी बोलेरो दिली. लोकांना तिचं रूप ओबडधोबड वाटलं. मला तिचा किकचा दांडा फार आवडला. स्टार्टर नाही तर नाही, पायात ताकद आहे ना?

आम्ही काढायला सुरुवात केली. आधी सिंह. प्लास्टरच्या आत भरीव सिमेंट निघालं, दोन्ही मिळून एकोणचाळीस किलो. मग सिंहासन, खाली सागवानाची पेटी, तिच्यात रोषणाईच्या बॅटऱ्यांचे कप्पे. छत्रीचा लोखंडी खांब, नळाच्या जाड पाइपाचा. मागे जनरेटर ठेवायचा कठडा. मडगार्ड कापले तेव्हा एका जागी पुट्टीचा थर माझ्या करंगळीएवढा जाड होता. भाचा प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवून वहीत लिहायचा. आई ओसरीवरून बघत होती. 'महाराजा' लिहिलेलं दार उतरवलं तेव्हा ती उठून आली, पदरानं अक्षरं पुसली आणि म्हणाली, "हे मात्र मापात धरू नका. घरात नेऊन ठेवा."

सगळं उतरल्यावर जे उरलं ते पाहून मला वाईट वाटलं नाही. चार इंची चॅनलच्या दोन लांब पट्ट्या, पुढे इंजिन, मागे ॲक्सल. एखाद्या म्हाताऱ्याचा कोट काढल्यावर त्याचे खांदे दिसावेत तशी. पण ती लांबी! राजेशाही दिसावं म्हणून मिस्त्रीनं पुढचं नि मागचं चाक वाजवीपेक्षा कितीतरी लांब ठेवलं होतं. उस्तादांनी खडूनं रेघ मारली. वीस इंच कापायचे. चौकट कापली, प्रोपेलर शाफ्ट लेथवर नेऊन आखूड करून बॅलन्स करून आणला, इंजिन चौदा इंच मागे सरकवलं. कापलेल्या चॅनलला बाजूनं चौकोनी नळ्यांची तिरपी जाळी दिली. भाच्यानं आधी काड्या आणि फेविकॉलनं तिची लहान प्रतिकृती केली होती. ती पिळून पाहायची, जिथं वाकेल तिथं एक काडी आडवी लावायची. तीन दिवस तो हेच करत होता. उस्ताद त्याच्याकडे बघायचे, काही बोलायचे नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी ती प्रतिकृती हातात घेतली, दोन्ही टोकांना धरून पिळली, आणि कामाला लागले.

गिअरची दांडी स्टिअरिंगवरून काढून खाली, हाताशी आणली. जुन्या जोडण्यांमध्ये इतकी ढिलाई होती की गिअर शोधावा लागे. आता मनगट हललं की गिअर पडतो, आणि पडल्याचा ठोका तळहाताला कळतो. दोन आसनं इतकी खाली बसवली की बसलं की हात सहज जमिनीला टेकतो. पाठीमागे जाड नळीची कमान, चार पट्ट्यांचे बेल्ट. हे उस्तादांनी सगळ्यात आधी केलं. त्यावर चर्चा नव्हती.

इंजिनाचं हेड उघडलं तेव्हा आत वरातींचा सगळा इतिहास होता. वर्षानुवर्षं पहिल्या गिअरवर रांगल्यानं पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा काळा, कडक थर बसला होता. तो खरवडता खरवडता माझी नखं आठवडाभर काळी राहिली. बँकेत काउंटरवर बसून नोटा मोजताना मी हात लपवले नाहीत. व्हॉल्व्ह घासले, प्लग बदलले, सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटा तारेनं नव्हे तर हवेनं साफ केल्या. उस्तादांचा यावर कटाक्ष. तार घातली की भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते. मग त्यांनी डोळे मिटून, एक हात स्क्रूवर ठेवून इंजिन लावलं. पाव आटा पुढे. थांब. किंचित मागे. आवाजातली खरखर कमी होत गेली आणि एका क्षणी चारही सिलिंडर एका सुरात आले. प्लग काढून पाहिला तर पावाच्या कवचासारखा तपकिरी.

पाटे हा सगळ्यात नाजूक भाग निघाला. मागचे पाटे अकराशे किलोसाठी थपले होते. ओझं गेल्यावर ते दगड झाले, गाडी खड्ड्यावर उडायची. थप्पीतले दोन पाटे काढले, उरलेल्यांच्या मध्ये ग्रीस भरलं. मग पुढच्या चाकांची रेषा. संगणकाच्या यंत्रावर न्यायची सोय नव्हती, म्हणून उस्तादांनी अंगणात चार सळया रोवल्या आणि संक्रांतीची उरलेली पतंगाची सद्दी गाडीच्या दोन्ही अंगांना समांतर ताणली. रिंगच्या पुढच्या कडेपासून दोऱ्याचं अंतर, मागच्या कडेपासून दोऱ्याचं अंतर. दोन मिलिमीटर पुढून आत. किंगपिन नवे, बुश नवे, स्टिअरिंगच्या पेटीतली ढिलाई शिमनं काढलेली. बाबांच्या हातात त्या रात्री जे थरथरलं होतं त्याचं उत्तर इतकं साधं होतं. झिजलेले बुश, वाकडी रेषा आणि डोक्यावर छत्री.

आता चालवायची कुठे? रस्त्यावर नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या कागदावर कारखान्यानं दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. मला तो नियम पटतो. गल्लीतल्या वेल्डिंगवर अनोळखी माणसाचा जीव टांगू नये. पण ब्रिटनमध्ये एकट्यानं बांधलेली एकच गाडीही सरकारी तपासणीला नेता येते, तिचे ब्रेक, दिवे, कडा, धूर सगळं बघून तिला रस्त्यावर येऊ देतात. आपल्याकडे बाहाच्या पोरांच्या गाड्यांनाही चारही चाकं एकदम अडकतात की नाही हे दाखवल्याशिवाय शर्यतीत सोडत नाहीत. रस्त्यासाठीही अशी चाचणी आपल्याकडे असावी. अवघड असावी, पण असावी. मीरेसारखी एखादी गाडी मग कोणाच्या परसात सडणार नाही.

मामांची वीटभट्टी कन्हानच्या पलीकडे आहे. औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटा आल्या आणि लाल विटांची ही भट्टी थंड पडली. मधोमध उंच धुराडं, त्याच्या भोवतीनं माती वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी पाडलेला मुरमाचा वाटोळा रस्ता. लांब एक सरळ पट्टा, दोन लपेटीची वळणं आणि धुराड्याला घासून जाणारं एक घट्ट वळण. नदीपलीकडे कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या दिसतात. नोव्हेंबरातल्या एका रविवारी टेम्पोवर घालून गाडी तिथं नेली. मामांनी नारळ फोडला. आई म्हणाली, "आधी तू."

हेल्मेट घातलं, पट्टे ओढले. पहिला टाकला. क्लच सोडताना, खरं सांगते, माझा डावा पाय सवयीनं अर्ध्यावरच थांबला, जणू पुढे पोरं नाचताहेत. मग मी तो पूर्ण सोडला.

दुसरा. तिसरा. वेग फार नव्हता, पन्नासच्या पुढे काटा गेला नसेल. पण जमीन इतकी जवळ होती की मुरमाचा एकेक खडा सरसर मागे जाताना दिसत होता, आणि प्रत्येक खड्याची बातमी स्टिअरिंगमधून बोटांपर्यंत येत होती. चाक कुठे घट्ट धरतंय, कुठे भुसभुशीत लागतंय, हे डोळ्यांआधी हातांना कळत होतं. पहिल्या वळणाला मी ब्रेक दाबला तेव्हा गाडीचं नाक किंचित वाकलं, वजन पुढच्या चाकांवर आलं, स्टिअरिंग जड झालं, आणि नुसतं मनात आणावं तशी ती वळली. त्या लांबलचक महाराजाला वळवायला तीनदा मागेपुढे करावं लागे. ही एका श्वासात वळली.

धुराड्याच्या वळणाला मागची चाकं सुटली. उस्तादांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मुरमात मागून सरकेल ताई, घाबरायचं नाही, तोंड तिकडेच फिरवायचं." पाठीच्या मणक्याला पहिल्यांदा कळलं, की मागचं अंग हलकेच बाहेर चाललं आहे. हात आपोआप उलट फिरले. अर्धा क्षण गाडी तिरपी तरंगली, मग चाकांनी मुरूम पकडला आणि ती सरळ पट्ट्यावर सुटली. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. सरळ पट्ट्याच्या शेवटी आई उभी होती, तिच्यापाशी येऊन थांबले तेव्हा हेल्मेटच्या आत माझे गाल ओले होते.

नंतर भाच्यानं चालवली, माझ्यापेक्षा जलद आणि माझ्यापेक्षा वाईट. उस्तादांनी चालवली, आणि ते बघणं हा वेगळाच सोहळा होता. सत्तरीपुढचा तो माणूस ब्रेक जवळजवळ लावतच नव्हता, वळणाच्या कितीतरी आधी पाय उचलायचा, आणि गाडी पाण्यासारखी वळणातून वाहत जायची. शेवटी आई बसली, माझ्या शेजारच्या आसनावर. लुगड्याचा पदर कमरेला खोचून, डोक्यावर भाच्याचं मोठं हेल्मेट. एका फेरीनंतर म्हणाली, "त्यांना एकदा बसवायला पाहिजे होतं."

गाडी आजही देखणी नाही. बोनेटचा पत्रा हातानं ठोकलेला आहे, त्यावर हातोड्याचे वळ दिसतात. पुढची मडगार्डं जुन्यातूनच कापून काढली, पुट्टी खरवडली, रंग दिलाच नाही. रबरी फुग्याचा भोंगा मात्र बाबांचाच आहे. कोणी बघायला आलं की आधी हसतं. त्याला मी शेजारी बसवून एक फेरी मारते. उतरल्यावर अजून कोणी हसलं नाही.

मागच्या महिन्यात तिला पुन्हा त्याच धर्मकाट्यावर नेलं. काट्यावरच्या माणसानं ओळखलं नाही. दोन्ही पावत्या मी बाबांच्या बुकिंगच्या वहीत, येरखेड्याच्या नोंदीखाली चिकटवल्या आहेत. पहिली ११८० किलोची. दुसरी ६३० किलोची.